एका दिवसाची मात्रा

साठी-पासष्टी उलटली की घरच्यांना आपल्याविषयी दोन गोष्टींची धास्ती वाटू लागते. एक, आपण एकट्याने प्रवासाला निघण्याची. आणि दुसरी, न्हाणीघराचे दार आतून लावून फार वेळ गरम पाण्यात राहण्याची. वाचकहो, या दोन्ही धास्ती निराधार नाहीत. एकट्याला वाटेत भोवळ आली तर सावरायला जवळचे कोणी नसते, आणि अति गरम पाणी वयस्क शरीराला खरोखरच अपाय करू शकते. तथापि प्रत्येक भीतीचे उत्तर ‘जाऊ नका’ असेच असावे लागत नाही. ‘किती’ हे आधी ठरवणे, हेही एक उत्तर असते. औषधाची जशी मात्रा असते, तशीच प्रवासाची, चढणीची, गरम पाण्याची आणि जेवणाचीही असते.

मुलगा, सून, मुलगी किंवा जावई नोकरीनिमित्त जपानात आहेत आणि आई किंवा वडील काही आठवड्यांसाठी त्यांच्याकडे गेले आहेत, हे चित्र मराठी घरांत आता नवलाईचे राहिलेले नाही. मुले कामावर गेली की दिवस रिकामा असतो. ‘आम्हाला रजा मिळाली की जाऊ’ या वाक्यावर कित्येक इच्छा मागे पडतात. अशा वेळी एकट्याने काढता येईल असा एक दिवस आज आपण आखून पाहू. त्यासाठी निवडलेले शहर आहे शिकोकू बेटावरील, एहिमे प्रांतातील मात्सुयामा. किल्ला, उष्ण झरे, एका कवीची स्मृती आणि चवीचे स्थानिक जेवण, हे सारे येथे ट्रामच्या एकाच मार्गालगत आहे. येथील इयो रेल्वे १८८८ सालापासून चालते आहे. ज्येष्ठांना सोयीचे शहर म्हणजे कमी अंतरांचे शहर, आणि मात्सुयामा तसे आहे.

एक सूचना आरंभीच. आदल्या दिवशी संध्याकाळी येथे पोहोचून मुक्काम करावा. लांबच्या रेल्वेप्रवासानंतर त्याच दिवशी चढण आणि गरम पाणी हा शरीरावर अन्याय होईल.

सकाळ : किल्ला, पण बेताने

मात्सुयामाचा किल्ला शहराच्या मध्यभागी, १३२ मीटर उंचीच्या टेकडीवर आहे. कातो योशिआकी या सरदाराने १६०२ साली त्याच्या बांधकामास आरंभ केला. जपानमध्ये मुख्य मनोरा जुन्या काळापासून टिकून राहिला आहे असे किल्ले अवघे १२ उरले आहेत. हा त्यांपैकी एक. मूळ मनोरा १७८४ साली वीज पडून भस्मसात झाला. आज दिसणारा मनोरा एदो राजवटीच्या अखेरच्या काळात, १९व्या शतकाच्या मध्यास पुन्हा उभारला गेला. आपल्या सह्याद्रीतील किल्ले पाहिलेल्या माणसाला येथील लाकूडकामाचे विशेष नवल वाटते. खाली दगडी तटबंदी आणि वर सारा डोलारा लाकडाचा.

टेकडीवर जाण्यासाठी पायवाट आहे, रोपवे आहे आणि एकेका माणसाची खुर्ची असलेली उघडी लिफ्टही आहे. ही लिफ्ट गमतीची खरी, परंतु चालत्या खुर्चीवर बसणे-उतरणे चपळाईने करावे लागते. गुडघे दुखत असतील किंवा तोल जात असेल, तर बंद डब्याचा रोपवे बरा. वरच्या थांब्यापासून मनोऱ्यापर्यंत आणखी सुमारे दहा मिनिटांची चढण उरते. ती चढताना आपल्याला सहज बोलता येते आहे का, हे पाहावे. बोलताना धाप लागली तर तेथेच थांबावे. एकटे असल्याचा हा मोठा लाभ आहे : आपल्यामुळे कोणाचा खोळंबा होत नाही, म्हणून थांबण्याचा संकोचही नसतो.

मनोऱ्याच्या आत पादत्राणे काढावी लागतात. आतील लाकडी जिने अतिशय उभे आहेत आणि शतकभराहून अधिक काळच्या पावलांनी पायऱ्या गुळगुळीत झाल्या आहेत. पायात नुसते मोजे असल्यास घसरण्याचा संभव वाढतो. तळाला रबरी ठिपके असलेले मोजे सोबत न्यावेत. उतरताना जिन्याकडे तोंड करून, शिडी उतरतो तसे, दोन्ही हातांनी आधार घेत उतरावे. हाडे ठिसूळ झाल्याचे निदान ज्यांना झाले आहे, किंवा ज्यांचे गुडघ्याचे अथवा खुब्याचे अस्थिरोपण झाले आहे, त्यांनी आत न चढता बाहेरच्या पटांगणातून सेतो समुद्राचे आणि त्यातील बेटांचे दर्शन घ्यावे. तेवढ्यानेही सकाळ सार्थकी लागते.

दुपार : चव घ्यावी, पण पाहून

मात्सुयामाचे मानाचे पक्वान्न म्हणजे ताईमेशी. ‘ताई’ हा समुद्री मासा आणि ‘मेशी’ म्हणजे भात. याचे दोन प्रकार आहेत. मात्सुयामाकडच्या पद्धतीत मासा भाताबरोबरच शिजवला जातो. दक्षिणेकडील उवाजिमाच्या पद्धतीत कच्च्या माशाचे काप, कच्चे अंडे आणि सोयाचा रस गरम भातावर घालतात. दोन्ही पद्धती येथील उपाहारगृहांत मिळतात, म्हणून मागवण्यापूर्वी विचारून घ्यावे. सत्तरीपुढच्या व्यक्तींनी, तसेच मधुमेह, मूत्रपिंडाचा विकार किंवा प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधे चालू असणाऱ्यांनी शिजवलेला प्रकारच निवडावा.

जाकोतेन ही लहान माशांची हाडांसकट वाटून, तळून केलेली वडी येथे सर्वत्र मिळते. हाडांमुळे तीत कॅल्शियम असते, पण मीठही असते. मिसोचे सूप, सोयाचा रस, लोणचे आणि नूडल्सचे पाणी या चारही गोष्टींत मीठ बरेच असते. रक्तदाबाच्या रुग्णांनी नूडल्स खाव्यात आणि वाडग्यातील पाणी तसेच ठेवावे. तेथे त्यात कोणी वावगे मानत नाही.

शाकाहारी वाचकांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. येथील भाजीचे किंवा नूडल्सचे सूप बहुधा ‘दाशी’ नावाच्या अर्कावर केलेले असते आणि तो अर्क पुष्कळदा सुक्या माशांचा असतो. मांस नको एवढेच सांगून भागत नाही. माशाचा अर्कही नको, असे जपानी भाषेत लिहिलेली चिठ्ठी मुलांकडून करून घ्यावी. साधा भात, तोफू आणि फळे यांवर एक वेळ सुखाने निघते. एहिमेची संत्री तर जपानभर नावाजलेली आहेत.

तीन रंगांचे गोळे काडीला टोचलेले ‘बोच्चान दांगो’ हे येथील गोड खाणे. सुमारे वर्षभर येथे इंग्रजी शिकवलेल्या नात्सुमे सोसेकी या लेखकाच्या १९०६ सालच्या ‘बोच्चान’ या कादंबरीवरून त्याला हे नाव मिळाले. वरचे आवरण मऊ असले तरी आतील तांदळाच्या पिठाचा गोळा चिकट असतो. असे चिकट पदार्थ घशात अडकून जपानमध्ये दर नववर्षाला वृद्धांचे प्राण जातात. कवळी असणाऱ्यांनी, गिळताना ठसका लागणाऱ्यांनी आणि पक्षाघात होऊन गेलेल्यांनी तो गोळा टाळावा. इतरांनीही बारीक तुकडा करून, बसून, चहाच्या घोटाबरोबर, न बोलता खावा.

दुपारनंतर : शिकी आणि त्याची बहीण

जेवणानंतर ट्रामने दोगोला यावे. आंघोळीची घाई करू नये; जेवण आणि गरम पाणी यांत निदान दीड-दोन तासांचे अंतर असावे. हा वेळ घालवण्यास दोगो उद्यानातील शिकी स्मृती संग्रहालय उत्तम. ते १९८१ साली सुरू झाले.

मासाओका शिकी हा आधुनिक हायकूचा प्रवर्तक. त्याचा जन्म १८६७ साली याच शहरात झाला. क्षयाने खोकल्यावाटे रक्त पडू लागले तेव्हा त्याने ‘शिकी’ हे टोपणनाव घेतले. ते कोकिळेच्या जातीच्या एका पक्ष्याचे नाव आहे, जो रक्त ओकेपर्यंत गातो अशी समजूत होती. १८९५ साली तो ५२ दिवस मात्सुयामात सोसेकीच्या बिऱ्हाडी राहिला. बरे वाटे त्या दिवशी तो फिरायला निघे, आणि अशाच एका फेरफटक्यात तो दोगोलाही आला. पुढे क्षय मणक्यात शिरला. अखेरची वर्षे त्याने टोकियोतील घरी अंथरुणात काढली आणि १९०२ साली, वयाच्या ३४व्या वर्षी तो गेला. ‘सहा फुटी रुग्णशय्या’ अशा अर्थाच्या नावाचे त्याचे सदर मृत्यूच्या दोन दिवस आधीपर्यंत वर्तमानपत्रात येत होते.

शुश्रूषा करणाऱ्या वाचकांनी येथे क्षणभर थांबावे. त्या सदरात शिकीने रुग्णसेवेचे दोन प्रकार सांगितले आहेत. एक मनाची सेवा, म्हणजे रुग्णाविषयीची सहानुभूती. दुसरी बाह्य सेवा, म्हणजे औषध देणे, पट्ट्या बदलणे, उशी-पांघरूण नीट करणे. दोन्ही मिळाल्या तर उत्तम. एकच मिळणार असेल तर त्याने मनाच्या सेवेला अधिक मानले. रुग्णाजवळ बसून चार गोष्टी बोलता याव्यात, वर्तमानपत्र वाचून दाखवता यावे, यासाठी मुलींना शिक्षण हवे, असेही त्याने लिहिले.

ही दोन्ही प्रकारची सेवा ज्यांच्याकडून तो अपेक्षीत होता, त्या होत्या त्याची आई आणि धाकटी बहीण रित्सु. आपल्या खाजगी रोजनिशीत शिकीने रित्सुवर कठोर शब्दांत राग काढला आहे. ती हट्टी आहे, तिच्यात ओलावा नाही, अशी तक्रार केली आहे. त्याच रोजनिशीत, ती परिचारिका आहे, स्वयंपाकीण आहे, घर सांभाळणारी आहे आणि लेखनिकही आहे, तिच्यावाचून आपला एक दिवस निघणार नाही, हेही त्याने कबूल केले आहे. त्याच्या ताटात मासे आणि फळे असत. ती भाजी-लोणच्यावर भागवी.

दुखण्याने त्रासलेला माणूस आपला राग सर्वांत जवळच्या माणसावरच काढतो, हे घरी रुग्ण असलेल्या कोणत्याही वाचकाला सांगावे लागणार नाही. तो राग आपल्या सेवेचे मोजमाप नव्हे, एवढे मात्र सांगावेसे वाटते. भावाच्या मृत्यूनंतर रित्सुने तिशी ओलांडल्यावर मुलींच्या व्यवसायशाळेत प्रवेश घेतला आणि पुढे तेथेच ती शिक्षिका झाली. सेवेची वर्षे संपल्यावर तिला स्वतःचे आयुष्य मिळाले. आपण तेवढे थांबू नये. सेवा चालू असतानाच महिन्यातून एक दिवस स्वतःसाठी काढावा. तो जपानात असेल किंवा आपल्याच गावच्या नदीकाठी असेल. त्यासाठी औषधांच्या वेळा, डॉक्टरांचा दूरध्वनी आणि रुग्णाच्या सवयी एका कागदावर लिहून ठेवाव्यात, आणि जो कोणी त्या दिवशी जबाबदारी घेणार असेल त्याला आदल्या दिवशी आपल्यासमोर सारे काम एकदा करायला लावावे. निम्मी काळजी तेथेच मिटते.

संध्याकाळ : दोगोचे पाणी

दोगो हे जपानमधील अतिप्राचीन उष्ण झऱ्यांपैकी एक मानले जाते. ७२० साली पूर्ण झालेल्या ‘निहोन शोकी’ या इतिहासग्रंथातही इयो प्रांतातील या झऱ्यांवर आलेल्या राजांचे उल्लेख आहेत. सध्याची तीन मजली लाकडी वास्तू, दोगो ओन्सेन होनकान, १८९४ सालची. २०१९ साली तिची प्रदीर्घ दुरुस्ती सुरू झाली आणि जुलै २०२४ मध्ये ती पुन्हा संपूर्ण खुली झाली. छपरावरील छोट्या मनोऱ्यावर एका पांढऱ्या बगळ्याची मूर्ती आहे. दंतकथा अशी की, पायाला इजा झालेला एक बगळा रोज येथे येऊन पाय पाण्यात बुडवी. बरा होऊन तो उडून गेला, तेव्हा लोकांना या पाण्याचा गुण कळला.

येथे वेगवेगळ्या उष्णतेच्या १८ झऱ्यांचे पाणी एकत्र करून ते सुमारे ४२ अंश सेल्सिअसवर ठेवतात. वेगळे तापवत नाहीत, थंड पाणीही मिसळत नाहीत. ४२ हा आकडा लक्षात ठेवावा. जपानमधील ग्राहक-संरक्षण यंत्रणा ज्येष्ठांना सांगते की, आंघोळीचे पाणी ४१ अंशांपर्यंत असावे आणि पाण्यात राहणे दहा मिनिटांपर्यंत असावे. त्या देशात ज्येष्ठांचे स्नानाच्या टबात बुडून होणारे मृत्यू रस्त्यावरील अपघातांत होणाऱ्या ज्येष्ठांच्या मृत्यूंहून अधिक आहेत. रोज गरम पाण्यात बसणाऱ्या समाजाची ही स्थिती आहे. आपल्याला तर त्याची सवयही नसते.

असे का घडते? थंड खोलीत कपडे उतरवले की रक्तवाहिन्या आकसतात आणि रक्तदाब वाढतो. गरम पाण्यात काही वेळ बसले की त्या सैलावतात आणि रक्तदाब उतरतो. पाण्यात असेतोवर पाण्याचा दाब पायांतील रक्त वर ढकलत असतो. एकदम उभे राहिले की तो आधार सुटतो, रक्त पायांत उतरते आणि मेंदूला पुरवठा क्षणभर कमी पडतो. भोवळ येते ती येथे. रक्तदाबाच्या, लघवी वाढवणाऱ्या आणि प्रोस्टेटच्या काही गोळ्यांनी हा धोका वाढतो.

म्हणून दोगोत आपली मात्रा अशी असावी. आधी पेलाभर पाणी प्यावे. स्नानगृहात शिरल्यावर बसून अंग स्वच्छ धुवावे. हा तेथील शिष्टाचारही आहे. मग पायांपासून वरवर, अंगावर थोडे थोडे गरम पाणी घ्यावे, म्हणजे शरीराला पूर्वसूचना मिळते. कठडा धरून उतरावे आणि छातीच्या खालपर्यंतच पाण्यात बसावे. पहिल्या वेळी तीन ते पाच मिनिटे पुरेत. त्यानंतर काठावर बसून पाय तेवढे पाण्यात ठेवावे. बाहेर येताना आधी काठावर मिनिटभर बसावे, मगच कठडा धरून सावकाश उभे राहावे. छातीत धडधड, डोके हलके वाटणे किंवा मळमळ जाणवताच बाहेर पडावे. मद्य घेतले असेल तर त्या दिवशी पाण्यात उतरूच नये. एकट्या प्रवाशाने रात्री उशिराची निवांत वेळ न निवडता, आसपास माणसे असतील अशी वेळ निवडावी. काही झाले तर कोणाचे तरी लक्ष जाते.

येथे स्त्री-पुरुषांची स्नानगृहे स्वतंत्र असून पाण्यात वस्त्रे घालून उतरत नाहीत. आपल्या पिढीला याचा संकोच वाटणे स्वाभाविक आहे. छोटा पंचा हाती असतो, तो चालताना आडोशाला धरता येतो. पाण्यात मात्र तो बुडवायचा नाही. तेथे कोणी कोणाकडे पाहत नाही, हे दोन मिनिटांत ध्यानात येते.

नुकताच हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्यांनी, आटोक्यात नसलेला रक्तदाब, ताप किंवा उघडी जखम असणाऱ्यांनी या स्नानाचा विचार करू नये. इन्शुलिन घेणाऱ्यांनी टोचल्यानंतर लगेच गरम पाण्यात जाऊ नये. उष्णतेने इन्शुलिन लवकर शोषले जाऊन साखर उतरू शकते. इतर सर्वांनीही निघण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना औषधांची यादी दाखवून विचारावे. आणि ज्यांना नकार मिळेल त्यांनी खंत करू नये. दोगोच्या ट्राम थांब्याजवळच, चौकात, केवळ पाय बुडवून बसण्याचे विनामूल्य कुंड आहे. दंतकथेतील बगळ्यानेही पायच बुडवला होता. मधुमेहामुळे पायांची संवेदना कमी झाली असल्यास मात्र पाय घालण्याआधी कोपराने पाण्याची धग पाहावी.

एकटे, पण एकाकी नव्हे

दोगोत फिरताना पांढरा अंगरखा घातलेले, हाती काठी घेतलेले यात्रेकरू दिसतात. ते शिकोकूतील ८८ मंदिरांच्या परिक्रमेला निघालेले असतात. ५१वे मंदिर इशितेजी येथून जवळच आहे. ‘दोघे मिळून चाललो आहोत’ अशा अर्थाची चार अक्षरे त्यांच्या पोशाखावर, काठीवर किंवा टोपीवर लिहिलेली असतात. दुसरा सोबती म्हणजे कोबो दाईशी हा ९व्या शतकात निवर्तलेला संत. वारीला जाणाऱ्यांना ही भावना समजावून सांगण्याची गरज नाही.

आपल्या सोबतीला मात्र श्रद्धेबरोबर थोडी तजवीजही असावी. नाव, रक्तगट, विकार, औषधे आणि मुलांचा दूरध्वनी क्रमांक जपानी व इंग्रजीत लिहिलेले कार्ड गळ्यात किंवा खिशात ठेवावे. रुग्णवाहिकेसाठी तेथे ११९ हा क्रमांक आहे. भारतातून नेण्याची औषधे मूळ वेष्टनात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह न्यावीत; एका महिन्याहून अधिक पुरतील इतकी डॉक्टरांनी दिलेली औषधे नेण्यास आधी परवानगी काढावी लागते. सर्दीच्या काही गोळ्यांत स्यूडोएफेड्रीन असते. ते ठरावीक प्रमाणाहून अधिक असलेली औषधे त्या देशात चालत नाहीत. जपानचे घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे असते, तेव्हा गोळ्यांच्या नव्या वेळा निघण्यापूर्वीच ठरवून घ्याव्यात.

होनकानच्या मनोऱ्यातील नगारा सकाळी सहा, दुपारी बारा आणि संध्याकाळी सहा वाजता वाजतो. संध्याकाळचा नगारा वाजतो तेव्हा पुण्यात किंवा पणजीत दुपारचे अडीच वाजलेले असतात. घरी दूरध्वनी करण्याची वेळ तीच ठरवून टाकावी. दिवसातून एकदा, ठरल्या वेळी, ठरलेला आवाज ऐकू आला की घरची माणसे निश्चिंत राहतात आणि आपल्यालाही दर तासाला खुशाली कळवावी लागत नाही.

जपान ज्यांच्या आवाक्यात नाही, त्यांच्यासाठी आपल्या कोकणपट्टीत गणेशपुरी-वज्रेश्वरी, पालीजवळचे उन्हेरे, दापोलीकडचे उन्हवरे, संगमेश्वर तालुक्यातील तुरळ आणि राजवाडी अशी गरम पाण्याची कुंडे आहेत. तेथे पाण्याची उष्णता मोजून ठेवलेली नसते आणि पायऱ्या शेवाळलेल्या असू शकतात, म्हणून वर सांगितलेली मात्रा तेथे अधिकच काटेकोरपणे पाळावी. इतकेच कशाला, थंडीच्या दिवसांत घरच्या न्हाणीघरातही तोच नियम लागू होतो : दार आतून कडी न लावता नुसते लोटून घ्यावे, बसायला पक्के स्टूल असावे, आणि स्नान उरकल्यावर मिनिटभर बसून मगच उठावे. हा बदल आज संध्याकाळीच करता येण्यासारखा आहे.